निवडणुकीचे व्यंगचित्र : इतिहासाचे एक उपेक्षित साधन

वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे खंड प्रसिद्ध केले आणि दप्तरातील कागदाचा कपटाही साक्षीदार असू शकतो, ही दृष्टी महाराष्ट्रास दिली. लोकशाहीची दप्तरे मात्र वाड्यांच्या माळ्यावर सापडत नाहीत. ती भिंतींवर चिकटवली जातात, मुलांच्या सदऱ्यांवर बिल्ल्यांच्या रूपाने मिरवतात आणि मतमोजणी होताच वाण्याच्या पुड्यांत नाहीशी होतात. जुन्या निवडणुकांची व्यंगचित्रे, हस्तपत्रके व बिल्ले जमविणे हा अनेकांस रिकामपणाचा छंद वाटतो. वस्तुतः ते साधनसंग्रहाचेच कार्य आहे. ते साधनाच्या शिस्तीने व्हावे, एवढेच.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशातील साक्षरता शेकडा १८ च्या आसपास होती. प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र पेटी असे व तिच्यावर त्याचे चिन्ह असे. काँग्रेसची बैलजोडी, समाजवादी पक्षाचा वृक्ष, किसान मजदूर प्रजा पक्षाची झोपडी, जनसंघाचा दिवा. मतदाराने नाव वाचण्यापूर्वी चित्र वाचले. व्यंगचित्रकाराच्या हाती त्यामुळे आयतेच हत्यार आले : प्रतिपक्षाचे चिन्ह उचलावे आणि त्याचा अर्थ उलटा करून दाखवावा. १९७१ साली इंदिरा गांधींच्या काँग्रेसला गाय-वासरू मिळाले. पुढे विरोधकांनी त्यात माता व पुत्र पाहिले, ते याच न्यायाने.

आदिलाबाद जिल्ह्यातील इंद्रवेल्ली-उटनूर परिसरात या साधनाचे मोल अधिकच आहे. येथे गोंडी, मराठी, तेलुगू व उर्दू एकाच बाजारात ऐकू येतात. १९४३ पासून हायमेनडॉर्फ यांच्या योजनेतून मारलवाई येथे गोंड शिक्षक तयार होऊ लागले, आणि गोंडी वाचनपुस्तकांसाठी लिपी निवडली गेली ती देवनागरी. १९५२ मध्ये याच जिल्ह्याने समाजवादी पक्षाचे सी. माधव रेड्डी यांस लोकसभेत पाठविले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विसर्जित झाले. जिल्ह्यातील किनवट मुंबई राज्यात गेले, उटनूर आंध्र प्रदेशात राहिले. त्याच महिन्यात आचार्य अत्रे यांचा ‘मराठा’ सुरू झाला आणि १९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर रंगली. त्या लढ्यातील एखाद्या व्यंगचित्रावर किनवटचा वाचक हसला, तर त्याच्या हाती मतही होते. इंद्रवेल्लीच्या मराठी वाचकाच्या हाती केवळ हसू उरले होते.

म्हणूनच आपल्याकडील कोणत्याही निवडणूक-चित्राखाली ओळ कोणत्या भाषेत आहे, हा प्रश्न गौण नाही. शिरगणती लोकांची मातृभाषा सांगते. मत मागणाऱ्याने त्यांना कोणत्या भाषेत हाक मारली, हे हा कागदच सांगू शकतो.

येथेच हौशी संग्राहकाकडून हानी होते. तो चित्र कापून चिकटवहीत लावतो आणि तळची बारीक ओळ टाकून देतो. १९६१ च्या दुरुस्तीने लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम १२७-अ आले. त्यानुसार निवडणूक-पत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांची नावे व पत्ते छापणे बंधनकारक झाले. पत्रक आदिलाबादेस छापले, नांदेडास की हैदराबादेस, हे त्या ओळीवाचून कळत नाही. काळ ठरविण्यास मात्र चित्रच साहाय्य करते : उमेदवारागणिक मांडलेल्या पेट्या १९६२ पूर्वीचा काळ सुचवितात, काँग्रेसची बैलजोडी १९६९ च्या फुटीपर्यंतची, ‘हात’ १९७८ नंतरचा.

व्यंगचित्र हे पक्षपाती साक्षीदार आहे, हे विसरता कामा नये. त्यातील आरोप सिद्ध मानू नये. परंतु मतदारास काय हास्यास्पद वाटेल अशी चित्रकाराची अटकळ होती, याविषयी त्याची साक्ष अमोल आहे.

शिक्षकबंधूंना हे कार्य सहज साधण्यासारखे आहे. विद्यार्थ्यांच्या घरी जुन्या पेट्यांच्या तळाशी अंथरलेले कागद असतात. ते अखंड ठेवावेत. कोठे, केव्हा व कोणत्या गावी मिळाले, ते वेगळ्या चिठ्ठीवर लिहावे. परिषदेने अशा कागदांसाठी एक कपाट राखले, तरी सीमेवरील मराठी मतदाराच्या इतिहासाचे पहिले दप्तर उभे राहील.