जोडतिकीट आणि सोडलेला टप्पा

नांदेड आणि लातूरचा दूरचा प्रवास पूर्वीपासून मधल्या एखाद्या गावी जोडला गेलेला आहे. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी पोचली; तिने निघालेला मुंबईचा प्रवासी कुर्डुवाडीला मोठ्या गाडीत बसे. नांदेड निजामाच्या राज्यातल्या मीटरगेज मार्गावर होते, तिथल्या प्रवाशाचा गाडीबदल मनमाडला होई. लातूर–कुर्डुवाडी मार्ग तर २००७–०८ मध्ये रुंद झाला.

रेल्वेचे भाडे अंतरावर ठरते. अंतर वाढेल तसा किलोमीटरमागचा दर उतरतो, त्यामुळे सलग तिकीट तुटक तिकिटांपेक्षा स्वस्त पडते. पाचशे किलोमीटरपेक्षा लांबच्या तिकिटावर वाटेत उतरून मुक्काम करण्याची सवलतही आहे. आरक्षण असेल तर चढण्याचे स्टेशन आधी बदलून घ्यावे लागते, नाहीतर बर्थ दुसऱ्याला जातो. साध्या तिकिटावर मात्र सोडलेल्या अंतराचे पैसे बुडाले, तरी पुढचा प्रवास बुडत नाही.

विमानाचे तिकीट वेगळ्या हिशोबाने बांधलेले असते. कागदी तिकिटाच्या काळात प्रत्येक टप्प्याला एक कुपन असे आणि ती क्रमानेच वापरायची अट असे. विमान कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना असलेल्या आयाटाने १ जून २००८ पासून कागदी तिकिटे थांबवली. क्रमाची ती अट आता संगणक आपोआप लागू करतो. नांदेडपुरते पाहिले, तर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शिखांच्या गुरू-ता-गद्दीची त्रिशताब्दी झाली आणि तिच्यासाठी नांदेडचा विमानतळ सुधारण्यात आला. २७ एप्रिल २०१७ रोजी उडान योजनेतून ट्रूजेटची नांदेड–हैदराबाद सेवा सुरू झाली, डिसेंबरात एअर इंडियाचे अमृतसरचे विमान आले. ट्रूजेट २०२२ मध्ये बंद पडली. नांदेडहून पुन्हा विमाने उडाली ती ३१ मार्च २०२४ पासून, स्टार एअरची.

विमानभाडे कुठून कुठे जायचे यावर आणि त्या वाटेवरच्या स्पर्धेवर ठरते. म्हणून दोन टप्प्यांचे तिकीट कधीकधी त्यातल्या एकाच टप्प्यापेक्षा स्वस्त असते. लोकांनी स्वस्त तिकीट काढून नको तो टप्पा सोडू नये, यासाठी कंपन्या क्रमाची अट कडक ठेवतात. पहिला टप्पा चुकवला की पुढचे सगळे टप्पे रद्द होतात, परतीचाही. शेवटचा टप्पा सोडला तर रद्द व्हायला काही उरत नाही. पण बॅग चिठ्ठीवर लिहिलेल्या गावापर्यंत जाते आणि कंपनी भाड्याचा फरक मागू शकते. २०१८ मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने लुफ्तान्सा विमान कंपनीची अशी मागणी फेटाळली. त्याआधी, २०१० मध्ये, जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एक टप्पा न वापरल्यामुळे उरलेले तिकीट बाद करणारी सरसकट अट अवैध ठरवली होती. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार न वापरलेल्या तिकिटावरचे सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत मिळते. मूळ भाडे तिकिटाच्या अटींवर अवलंबून.

मोठ्या शहरापेक्षा नांदेडसारख्या ठिकाणी ही अट जास्त जाचते. इथला पहिला टप्पाच सर्वांत नाजूक. विमाने मोजकी, आणि हैदराबादला रेल्वेने किंवा बसने जाता येते. विमान चुकेल या भीतीने रेल्वेने पुढे गेलेल्या माणसाने भाड्यातली पळवाट शोधलेली नसते, तरी संगणक त्याला आणि पळवाट शोधणाऱ्याला एकच शिक्षा देतो. भारतातल्या नियमांनी हा फरक ओळखायला हवा. तोवर निघण्यापूर्वी कंपनीला कळवून तिकीट बदलून घेणे एवढाच मार्ग उरतो, आणि तेव्हा भाडे नव्याने लागते.

दोन कंपन्यांची दोन स्वतंत्र तिकिटे काढली, तर एक सोडल्याने दुसरे रद्द होत नाही. पण पहिले विमान उशिरा आले तर दुसऱ्याची जबाबदारी कोणीच घेत नाही. रेल्वेने १ एप्रिल २०१९ पासून दोन तिकिटांचे पीएनआर क्रमांक जोडण्याची सोय केली आहे. पहिल्या गाडीच्या उशिरामुळे दुसरी चुकली, तर न झालेल्या प्रवासाचे पैसे रद्द-आकार न कापता परत मिळतात. लातूरहून सध्या नियमित विमान नाही. तिथल्या प्रवाशाचे विमानतिकीट हैदराबाद, पुणे किंवा मुंबईपासूनच सुरू होते आणि तिथवरचा रस्ता त्या तिकिटात धरलेला नसतो.