कोठारावरची गोधडी

अमेरिकेंतील ॲपलेशियन डोंगराळ मुलखांत गोधडी ही मुळांत हौस नव्हे, हिवाळ्याची तरतूद होती. जुनेर, पिठाच्या पिशव्यांचें कापड, जें हातीं लागेल त्याचे चौकोन-त्रिकोण बायका जोडीत. घरधन्याचा जीव मात्र कोठारांत. तेथें तंबाखूचीं पानें कित्येक आठवडे टांगून वाळवीत, आणि वर्षाची रोकड बहुधा त्यांवरच येई.

१९८९ सालीं ओहायो संस्थानांतील ॲडम्स परगण्यांत डॉना सू ग्रोव्ह्‌ज यांनीं आई मॅक्सीनसह शेत घेतलें. तेथील कोठार इतकें ओकेंबोकें, कीं त्यावर गोधडी रंगवून देण्याचें वचन लेकीनें गोधड्या शिवणाऱ्या आईला दिलें. तें तसेंच बारा वर्षें राहिलें. २००१ सालीं शेजारी मदतीस आले. परंतु पहिली ‘ओहायो तारा’ आकृति चढली ती दुसऱ्याच एका वनौषधींच्या शेतावर! यांत कापड नसतेंच. बहुधा आठ फूट चौरस फळ्यांवर केवळ रंग.

१९३८ पासूनची तंबाखूची सरकारी हिस्सेपद्धति २००४ च्या कायद्यानें मोडली. अनेक लहान शेतकऱ्यांनीं पीक सोडलें, कोठारें रिकामीं पडलीं. रिकामें कोठार कोण डागडुजी करून राखतो? रंगीत चौकोन पाहण्यास मोटारी येऊं लागल्या, तेव्हां कांहींचें तरी छप्पर टिकलें. केंटकी, टेनेसी, आयोवा येथेंहि हे चौकोन लागले. कित्येक घरांनीं त्यासाठीं आजीच्या गोधडीचाच नमुना काढून दिला.