मालगाडी ओढणारे ‘डब्ल्यूजी’

आगगाडीच्या जुन्या इंजिनाची आठवण निघाली की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. बंदुकीच्या गोळीसारखे पुढे आलेले नाक आणि त्यावर चमकणारा तारा. ते इंजिन म्हणजे ‘डब्ल्यूपी’, मेल-एक्स्प्रेस ओढणारे. त्याचा सख्खा भाऊ मात्र फारसा कोणाच्या लक्षात राहिला नाही. त्याचे नाव ‘डब्ल्यूजी’. ‘डब्ल्यू’ म्हणजे साडेपाच फुटी ब्रॉडगेज आणि ‘जी’ म्हणजे गुड्स, मालगाडी. मालगाडीला निरोप द्यायला फलाटावर कोण येणार? पण आकडे पाहा. डब्ल्यूपी इंजिने बांधली गेली ७५५ आणि डब्ल्यूजी २,४५०. स्वतंत्र भारताचा कोळसा, धान्य, लोखंड आणि सिमेंट वाहिले ते या दुसऱ्या भावाने.

त्याच्या जन्मामागे एक कडू अनुभव आहे. १९२०च्या दशकात हिंदुस्थानसाठी ‘एक्स’ मालिकेची प्रमाणित इंजिने आखली गेली. आराखडे विलायतेत झाले आणि पुरेशी चाचणी न होताच मोठ्या संख्येने इंजिने आली. त्यांतली काही वेगात गेली की डुलू लागत. १७ जुलै १९३७ रोजी पाटण्याजवळ बिहटा येथे अशाच ‘एक्सबी’ इंजिनाची गाडी रुळांवरून घसरली आणि शंभरावर माणसे दगावली. पुढे चौकशी समिती नेमली गेली. त्यातून धडा मिळाला तो हा, की आपले रूळ, आपला कोळसा आणि आपली हवा यांचा विचार करूनच इंजिन बांधावे, आणि आधी नमुना चालवून पाहावा. म्हणूनच डब्ल्यूपीची आधी १६ नमुना इंजिने अमेरिकेतून मागवून चालवून पाहिली गेली. त्याच इंजिनाचा बॉयलर आणि इतर अनेक भाग घेऊन १९५० मध्ये डब्ल्यूजी तयार झाले.

बॉयलर एकच, मग फरक कशात? चाकांत आणि सिलिंडरांत. डब्ल्यूपीची मोठी चाके ५ फूट ७ इंचांची, तर डब्ल्यूजीची ५ फूट दीड इंचाची. चाक लहान म्हणजे धाव कमी, पण ओढ जास्त. सिलिंडरचा व्यास सव्वावीस इंचांवरून जवळजवळ बावीस इंचांवर नेला. वाफेचा दाब दोन्हीकडे दर चौरस इंचाला २१० पौंड. एवढ्या बदलाने ओढण्याची ताकद ३०,६०० पौंडांवरून ३८,८९० पौंडांवर गेली, म्हणजे सुमारे साडेसतरा टन. पण नुसती ताकद पुरत नाही. वजन कमी असेल तर चाके रुळांवर जागच्या जागी गरगरतात. म्हणून ताकद लावणारी चाके सहाऐवजी आठ ठेवली आणि प्रत्येक आसावर सुमारे साडेअठरा टन भार दिला.

या आठ चाकांच्या पुढे दोन आणि मागे दोन लहान चाके असत. अशा रचनेला ‘मिकाडो’ म्हणतात. १८९७ मध्ये अमेरिकेतील बाल्डविन कारखान्याने जपानसाठी अशी इंजिने बांधली, त्यावरून हे नाव पडले. मागच्या दोन चाकांचे काम होते भट्टी तोलून धरण्याचे. जपानचा तो कोळसा हलका होता, आणि आपल्या कोळशात तर राख फार. तेवढीच वाफ हवी तर कोळसा जास्त जाळायला हवा आणि त्यासाठी भट्टी रुंद हवी. डब्ल्यूजीच्या भट्टीची जाळी सुमारे ४५ चौरस फुटांची होती, एखाद्या लहानशा खोलीएवढी. त्या जाळीवर कोळसा टाकायला यंत्र नव्हते. हातात फावडे घेऊन उभा असे तो फायरमन. वैशाखातल्या उन्हात, पुढे उघडी भट्टी आणि मागे कोळशाचा ढीग, अशा अवस्थेत तासन् तास तो निखारे सारखे पसरत राही. इंजिनाची ताकद कागदावर कितीही असो, रुळांवर ती या माणसाच्या मनगटातून येई.

सुरुवातीला ब्रिटन, जर्मनी, इटली, जपान अशा अनेक देशांतून ही इंजिने आली. पण त्यांचे खरे घर चित्तरंजन. हा कारखाना आधी कलकत्त्याजवळ कांचरापाडा भागात व्हायचा होता. फाळणीनंतर सरहद्द जवळ आली, म्हणून तो आसनसोलपलीकडे मिहिजामला, कोळशाच्या खाणींच्या शेजारी नेला. १ नोव्हेंबर १९५० रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी तिथले पहिले इंजिन राष्ट्राला अर्पण केले. ते डब्ल्यूजीच होते आणि नाव होते ‘देशबंधू’. त्याचे बरेच भाग परदेशी होते. हळूहळू ते इथेच होऊ लागले.

यावर एक आक्षेप घेतला जातो. जग डिझेल-विजेकडे वळत असताना आपण वाफेला का चिकटून राहिलो? ब्रिटिश रेल्वेने १९६८ च्या ऑगस्टमध्ये वाफेच्या नियमित गाड्या बंद केल्या. त्यानंतरही चित्तरंजनमधून नवी डब्ल्यूजी बाहेर पडत होती. शेवटचे निघाले जून १९७० मध्ये, त्याचे नाव ‘अंतिम सितारा’. आक्षेप खोटा नाही, पण अर्धाच खरा आहे. तेल बाहेरून आणायचे तर परकीय चलन हवे, आणि ते नव्हते. कोळसा घरचा होता आणि हात घरचे होते. आता याची किंमत कोणी मोजली, असे विचाराल तर ती फायरमनने मोजली. त्या हिशेबाच्या वहीत त्याचे नाव कुठे आढळत नाही.

मात्र त्या वीस वर्षांत कामगार ओतकाम, कातकाम, जोडणी शिकले. याच चित्तरंजनमध्ये १९६१ साली पहिले विजेचे इंजिन बांधले गेले. त्याचे नाव ‘लोकमान्य’, आणि ते धावायचे होते आपल्या मुंबईच्या विद्युतमार्गावर. वाफेवर तयार झालेले हात विजेच्या कामाला लागले. डिसेंबर १९९५ मध्ये ब्रॉडगेजवरील वाफेची नियमित वाहतूक संपली. डब्ल्यूजी इंजिने बहुतेक भंगारात गेली. पुढच्या वेळी फाटकापाशी मालगाडी जाईपर्यंत थांबावे लागले, तर वाघिणी मोजता मोजता त्या फावडेवाल्याचीही आठवण ठेवावी.