चार रकान्यांची अनुक्रमणिका

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाच्या संगणकातील 'डी' आणि 'ई' हे दोन्ही विभाग एका सकाळी नाहीसे झाले. पाठभेदांच्या चार वर्षांच्या नोंदी त्यांत होत्या. संगणक ती जागा रिकामी असल्याचे सांगत होता आणि तेथे नवा विभाग करण्यास तयारही होता. आमच्यातील एकाचा हात माऊसवर गेला होता. तो आवरला, हेच त्या दिवशीचे शहाणपण.

रिकामी म्हणजे काय, हे समजण्यासाठी मागे जावे लागते. मार्च १९८३ मध्ये आयबीएमचा पीसी एक्सटी १० मेगाबाइटच्या हार्ड डिस्कसह आला आणि त्याच्या डॉस २.० ने विभाग पाडण्याची रीत घातली. (ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपींनी आधीच अडवलेली, म्हणून आपली मोजदाद आजही 'सी'पासून.) डिस्कचा पहिला सेक्टर ५१२ बाइटांचा. त्यांतील ६४ बाइटांत विभागांचा तक्ता, त्याला रकाने चार. पुढे डिस्क वाढल्या. तेव्हा जुना तक्ता न मोडता १९८७ च्या डॉस ३.३ ने मागे पडवी काढली : एका रकान्यात विस्तारित विभाग, त्यात उपविभाग, आणि प्रत्येक उपविभागाच्या छोट्या तक्त्यात पुढच्याचा पत्ता. एक दुवा निखळला की त्यामागचे सगळे अदृश्य. मजकूर मात्र जागच्या जागी असतो. पोथीच्या समासातील पृष्ठांक पुसला म्हणून पान कोरे होत नाही.

आमची साखळी अशीच तुटली होती. आधी संपूर्ण डिस्कची सेक्टरनिहाय प्रत काढली आणि त्या प्रतीवर ख्रिस्तोफ ग्रेनिए यांची 'टेस्टडिस्क' ही मुक्त आज्ञावली चालवली. प्रत्येक विभागाच्या आरंभी त्याच्या आकाराची नोंद असते. एनटीएफएस तिची एक प्रत विभागाच्या शेवटीही ठेवते. या खुणा शोधून हरवलेला तक्ता पुन्हा रचता येतो. मूळ प्रत गेल्यावर उपप्रतींवरून पाठ ठरवावा, तसेच हे. अडचणही तशीच आली : एकमेकींवर चढलेल्या दोन हद्दी सापडल्या, कारण डिस्क पूर्वी एकदा वेगळी विभागली होती. पहिलीतील फायलींची यादी पाहिली, तर निरर्थक चिन्हे. दुसरीत आमच्या नोंदी. दुसरी स्वीकारली.

नव्या जीपीटी पद्धतीत तक्ता डिस्कच्या आरंभी आणि अखेरीस, असा दोनदा लिहिलेला असतो. तरीही पहिल्या सेक्टरमध्ये १९८३ च्या धाटणीचा एक तक्ता मुद्दाम ठेवतात. जुन्या आज्ञावलीने ती डिस्क रिकामी समजू नये म्हणून.