शेक्सपीअर-महोत्सव आणि निनावी भाषांतरकार

१७७१ च्या ऑक्टोबरच्या १४ तारखेस फ्रांकफुर्ट येथील एका सधन गृहस्थाच्या घरी एक छोटेखानी समारंभ झाला. कायद्याचे शिक्षण संपवून स्ट्रासबुर्गहून नुकत्याच परतलेल्या त्याच्या बावीस वर्षांच्या मुलाने शेक्सपीअरचा 'नामदिन' साजरा करण्याचे योजिले होते. प्रॉटेस्टंट पंचांगात त्या दिवशी 'विल्हेल्म' हे नाव येते, एवढेच निमित्त. मुलाचे नाव गटे. त्याने या प्रसंगासाठी लिहिलेले आवेशपूर्ण भाषण पुढे जर्मन वाङ्मयेतिहासात गाजले. त्याच्या हिशेबी वडिलांनी मात्र वादकांना दिलेल्या पैशांची नोंद आपल्या खर्चवहीत केली. परभाषेतील कवीचा उत्सव करण्याच्या युरोपीय प्रथेचा आरंभ शोधावयाचा तर या घरगुती बैठकीपाशी थांबावे लागते.

या उत्सवाला जो श्रोतृवर्ग लाभला तो घडविला होता वीलांटने. १७६२ ते १७६६ या काळात त्याने शेक्सपीअरची बावीस नाटके जर्मनमध्ये, बहुतांशी गद्यात, आणली होती. त्या पिढीतील बहुसंख्य जर्मन वाचकांचा शेक्सपीअर म्हणजे वस्तुतः वीलांटचे गद्य होय. गटेला या ऋणाची जाणीव होती. १८१३ साली वीलांटच्या मृत्यूनंतर वायमार येथे केलेल्या स्मृतिभाषणात त्याने भाषांतराच्या दोन रीतींचे विवेचन केले: परका ग्रंथकार आपल्या घरी आणावा, किंवा आपण उठून त्याच्या घरी जावे. १८२७ च्या जानेवारीत त्याने एकरमानपाशी 'विश्वसाहित्या'चा प्रसिद्ध उच्चार केला तोही एका चिनी कादंबरीचे भाषांतर वाचताना. विश्वसाहित्य ही कल्पनाच भाषांतराच्या पोटी जन्मली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. तथापि पुढील महोत्सवांनी जन्मदात्याची विचारपूस क्वचितच केली.

१८६४ साली शेक्सपीअरच्या जन्मास तीनशे वर्षे झाली. त्या निमित्ताने वायमार येथे डिंगेलश्टेटने त्याच्या इतिहासविषयक नाटकांची मालिका रंगभूमीवर आणली व २३ एप्रिल रोजी जर्मन शेक्सपीअर-मंडळाची स्थापना झाली. 'आमचा शेक्सपीअर' असे जर्मनांनी म्हणावे, एवढी आपुलकी आता उत्पन्न झाली होती. तिचे श्रेय 'श्लेगेल-टीक' या जोडनावाने ओळखल्या जाणाऱ्या भाषांतरास आहे. श्लेगेलने सतरा नाटके केली. उरलेली टीकच्या नावावर जमा झाली. प्रत्यक्षात ती वोल्फ बाउडिसिन आणि टीकची कन्या डोरोथेआ यांनी केली होती. 'मॅक्बेथ' व 'कोरिओलेनस' डोरोथेआचे. पण मुखपृष्ठावर तिचे नाव नाही. वाङ्मयाच्या इतिहासात अशी घरगुती गुप्तदाने थोडी नाहीत, परंतु हे दान ज्याच्या पदरात पडले तो स्वतः दात्याचा पिता होता, हे विसरता येत नाही.

१९१६ चा लंडनमधील महोत्सव या दृष्टीने अधिक सूक्ष्म अभ्यासास पात्र आहे. शेक्सपीअरच्या निधनाची त्रिशताब्दी महायुद्धाच्या ऐन भरात आली. त्या वर्षी २३ एप्रिलला ईस्टरचा रविवार असल्याने मुख्य कार्यक्रम मे महिन्याच्या आरंभी ढकलण्यात आले. २ मे रोजी ड्रूरी लेन नाट्यगृहात 'ज्यूलिअस सीझर'चा प्रयोग झाला. त्या प्रसंगी नट फ्रँक बेन्सन यास राजाने 'सर' ही पदवी नाट्यगृहातच दिली, आणि त्यासाठी नाटकाच्या सामानातील तलवार वापरावी लागली. परंतु महोत्सवाचे टिकाऊ स्मारक म्हणजे समितीचे चिटणीस इझ्रेल गोलान्स यांनी संपादिलेला गौरवग्रंथ. त्यात १६६ लेखकांचे गद्यपद्य लेखन आहे. रवींद्रनाथांची बंगाली कविता, आनंद कुमारस्वामींचा निबंध, 'हॅम्लेट'चे जपानी भाषांतरकार त्सुबोउचि यांचा लेख अशी त्याची व्याप्ती आहे. जर्मन लेखक मात्र त्यात एकही नाही. ज्यांनी या उत्सवाची प्रथा घालून दिली तेच शत्रुपक्षात होते. विश्वसाहित्याच्या मंडपाला अशी युद्धाची कनात लागली होती.

आत घेतलेल्यांचीही स्थिती सर्वस्वी मोकळी नव्हती. आयरिश पंडित डग्लस हाइड यांनी आपली कविता आयरिशमध्ये लिहिली. तिच्यातील इंग्लंडविषयीची धार शेजारच्या इंग्रजी भाषांतरात बोथट करण्यात आली. २४ एप्रिलला डब्लिनमध्ये उठाव झाला हे ध्यानात घेतले म्हणजे संपादकाची भीती समजते; पण मूळ आणि भाषांतर यांत पडलेले हे अंतर त्या दोन देशांतील अंतराचेच माप होय.

याहून बोलके पान दक्षिण आफ्रिकेचे आहे. 'एका दक्षिण आफ्रिकनाची आदरांजली' अशा अर्थाच्या शीर्षकाखाली त्स्वाना भाषेतील मजकूर व त्याचे इंग्रजी रूप छापले आहे. लेखकाचे नाव नाही. हा लेखक म्हणजे सोलोमन प्लाट्जे. तो दक्षिण आफ्रिकेतील देशी जनतेच्या राष्ट्रीय काँग्रेसचा पहिला चिटणीस होता. १९१३ च्या जमीन कायद्याने कृष्णवर्णीयांचे भूमिस्वामित्व अत्यंत संकुचित केले, त्याविरुद्ध दाद मागण्यासाठी गेलेल्या शिष्टमंडळाबरोबर १९१४ साली तो लंडनला आला आणि दाद न मिळताही तेथेच झगडत राहिला. किंबर्ली येथे तरुणपणी पाहिलेल्या 'हॅम्लेट'ची आठवण तो सांगतो. नाटककाराच्या नावाचे त्स्वाना रूपांतर देतो. औदार्य आणि शौर्य ही कोण्या एका वर्णाची मिरास नव्हे, हे या नाटकांतून उमगते असे बजावतो. आणि आफ्रिकी भाषांत ही नाटके कोणीतरी आणावीत अशी आशा प्रकट करतो. त्याच वर्षी त्याचा जमीन कायद्यावरील ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला, त्यावर त्याचे नाव ठळक आहे. गौरवग्रंथात तो केवळ एका भूभागाचा नमुना म्हणून उरला.

मराठी अभ्यासकास हे चित्र अगदीच अपरिचित वाटणार नाही. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे 'ऑथेल्लो' १८६७ चे, आगरकरांचे 'विकारविलसित' १८८३ चे. 'विकारविलसिता'वर आगरकरांचे नाव आहे. पण लोक नाटकगृहात जात ते गणपतराव जोश्यांचा हॅम्लेट पाहावयास. देवलांनी तर 'झुंझारराव' (१८९०) रचताना ऑथेल्लोला नाव, गाव, वेष सर्वच देशी दिले, आणि परकेपणा पुसण्याच्या त्या कौशल्याबरोबर भाषांतराची खूणही पुसली गेली. गटेच्या पहिल्या रीतीचे इतके पूर्ण उदाहरण सापडणे कठीण. अर्थात् रंगभूमीचा हिशेब वेगळा असतो. तेथे भाषांतरकाराचे अदृश्य होणे हेच पुष्कळदा यशाचे लक्षण ठरते. महोत्सवाला ही सबब नाही.

प्लाट्जेने जी आशा व्यक्त केली ती अखेर त्यालाच पुरी करावी लागली. 'कॉमेडी ऑफ एरर्स'चे त्याचे त्स्वाना भाषांतर १९३० मध्ये मोरिजा येथे छापले गेले. १९३२ मध्ये तो वारला. 'ज्यूलिअस सीझर' १९३७ साली, लेस्ट्रेड या विद्वानाने पुष्कळ फेरफार करून, विद्यापीठाच्या मालेत प्रसिद्ध केले.

२०१२ साली लंडनच्या ग्लोब नाट्यगृहाने सदतीस भाषांत शेक्सपीअर सादर करविला. २१ एप्रिलचा प्रारंभीचा प्रयोग दक्षिण आफ्रिकेच्या नटसंचाचा होता, आणि त्यातील अनेक भाषांत त्स्वानाही होती. मुंबईहून दोन नाटके गेली, एक गुजराती व एक हिंदी. मराठी त्या यादीत नव्हती. हिंदी नाटक 'पिया बहुरूपिया' हे 'ट्वेल्फ्थ नाइट'वर आधारलेले होते. त्याचे भाषांतरकार अमितोष नागपाल सबॅस्टियनची भूमिका करीत, आणि प्रयोगाच्या मध्येच भूमिका बाजूला ठेवून प्रेक्षकांपुढे गाऱ्हाणे मांडीत, की एवढे नाटक भाषांतरित केले आणि वाट्याला भूमिका आली ती ही एवढीशी.