परवान्यामागील जबाबदारी

‘परवाना’ हा शब्द फारसीतून मराठीत आला तो लेखी आज्ञा या अर्थाने. विजेच्या व्यवसायात मात्र तो आज्ञेपेक्षा जबाबदारीचा वाचक ठरला.

१९१० च्या भारतीय वीज अधिनियमाखाली १९५६ साली जे नियम झाले, त्यांतील ४५ वा नियम या दृष्टीने मननीय आहे. दिवा, पंखा वा फ्यूज बदलण्यासारखी किरकोळ कामे वगळता वीजमांडणीचे काम परवानाधारक ठेकेदाराने करावे, सक्षमता-प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची त्यावर प्रत्यक्ष देखरेख असावी आणि हात लावणाऱ्या तारतंत्र्याजवळही अनुज्ञापत्र असावे, अशी ही तिहेरी व्यवस्था होय. भिंतीत पुरलेल्या तारेतील दोष घरधन्यास दिसत नाही. तो त्यास कळतो तो बहुधा अपघातानंतरच. म्हणूनच नुसत्या विश्वासावर हे काम सोपविणे कायद्याने नाकारले.

१९५६ हेच राज्यपुनर्रचनेचेही वर्ष. १ नोव्हेंबरला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. अनुज्ञापत्र देण्याचा अधिकार राज्य सरकारचा. तेव्हा सीमा हलली की कारागिराच्या कागदाचे काय, हा प्रश्न स्वाभाविकच होता. नियमात मात्र राज्याने दिलेल्या पत्राबरोबरच राज्याने मान्य केलेल्या पत्रासही स्थान होते. सीमाभागाच्या दृष्टीने ही तरतूद लहान नव्हे.

२००३ च्या विद्युत अधिनियमाने जुना कायदा गेला. तथापि २०१० च्या व त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या विनियमांत ही तिहेरी व्यवस्था कायम राहिली. राज्ये बदलली, कायदे बदलले. विजेचा धक्का मात्र कोणतीही सीमा ओळखत नाही.