भंडाऱ्यात पदवीला भाव कधी आला?

पदवी घेऊन पोटापाण्याची सोय होते का, हा प्रश्न आज घरोघरी विचारला जातो. विचारताना मात्र पदवी ही एकच वस्तू आहे आणि तिचा भाव सगळीकडे, सगळ्या काळात सारखाच असतो, असे गृहीत धरलेले असते. भंडारा जिल्ह्याचा इतिहास या गृहीतकाला दुजोरा देत नाही. इथे पदवीची किंमत तिच्यात किती ज्ञान आहे यावर क्वचितच ठरली. तिच्यामागे किती जागा भरायच्या आहेत आणि त्या जागांसाठी सरकारने किंवा कायद्याने कोणता कागद मागितला आहे, यावर ती ठरली. हे ध्यानात आले की पदवी कधी फळली आणि कधी फसली, याचा बराचसा उलगडा होतो.

या जिल्ह्याची सर्वांत मोठी अभियांत्रिकी कामगिरी एकाही पदवीधराची नाही. पूर्व विदर्भात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून सहा हजारांहून अधिक मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव आहेत. त्यांतले कितीतरी कोहळी समाजाच्या जाणकारांनी गोंड राजवटीत आणि त्यानंतर बांधले. पूर्वी भंडाऱ्यात आणि १ मे १९९९ पासून गोंदियात असलेला नवेगाव बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, अशी परंपरा आहे. लोक त्यांना कोलासूर देव म्हणून पूजतात. जमिनीचा उतार पाहून पाळ कुठे घालायची, सांडवा कोणत्या बाजूला काढायचा, वरच्या बोडीचे, म्हणजे लहान तळ्याचे, पाणी खालच्या तलावात कसे उतरवायचे, हे ज्ञान बापाकडून मुलाकडे जात असे. त्याला मोबदलाही होता. तलाव बांधून गाव वसवणाऱ्याला जमिनीचा हक्क मिळे आणि धानाची शेती त्या पाण्यावर उभी राही. थोडक्यात, कौशल्य आणि मोबदला यांच्यामध्ये प्रमाणपत्राची गरज नव्हती.

१८६१ साली मध्य प्रांत अस्तित्वात आला आणि ही गरज निर्माण होऊ लागली. कचेरी, कोर्ट, जंगलखाते आणि शाळा यांना लिहिता-वाचता येणारी माणसे हवी होती. नागपूरला १८८३ मध्ये हिस्लॉप आणि १८८५ मध्ये मॉरिस कॉलेज निघाले, पण नागपूरचे स्वतःचे विद्यापीठ यायला १९२३ साल उजाडले. तोवर भंडाऱ्याच्या ज्या थोड्या घरांतली मुले पदवीपर्यंत पोहोचली, त्यांच्यापुढे वकिली आणि सरकारी नोकरी यांची दारे उघडी होती, कारण जागांच्या मानाने पदवीधर थोडे होते. त्याच काळात मँगनीजच्या खाणी जिल्ह्यात हजारो हातांना काम देऊ लागल्या, पण खाणीतल्या मजुराला कुणी शाळेचा दाखला विचारला नाही. पुढे १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, संपली आणि तलाव सरकारजमा झाले. लहान तलाव यथावकाश जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे आले. पाण्याविषयी निर्णय घेण्याचा अधिकार गावातल्या जाणकाराकडून पदविका-पदवीधारक अभियंत्याकडे गेला. कोहळ्यांचे ज्ञान एका रात्रीत खोटे ठरले नव्हते. फक्त त्याला जोडलेले पद गेले. पद गेल्यावर ते ज्ञान पुढच्या पिढीला शिकवण्याचे कारणही उरले नाही, आणि गाळाने भरलेले तलाव हा त्याचा एक परिणाम आहे.

भंडाऱ्यात पदवीचे सुगीचे दिवस आले ते स्वातंत्र्यानंतरच्या दुसऱ्या दशकात. १९५६ साली जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि शिक्षक, ग्रामसेवक, कारकून यांच्या जागा गावोगाव निघाल्या. त्याच वर्षी जिल्ह्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी चालवणारी आजची मॉईल कंपनी आकाराला आली, तर १९६४ साली जवाहरनगरला आयुधनिर्माणी उभी राहिली. मागणी वाढत असतानाच पुरवठ्याचीही सोय झाली. बिडीच्या व्यापारात नाव कमावलेल्या मनोहरभाई पटेल यांनी १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे भंडाऱ्यातही तिचे महाविद्यालय आले. पदवीची गरज नसलेल्या धंद्यातला पैसा पदव्या देणाऱ्या संस्थेत गेला, ही त्या काळाच्या दिशेची चांगली खूण आहे. योगायोग असा की १९६४ सालीच अमेरिकेत अर्थतज्ज्ञ गॅरी बेकर यांचा मानवी भांडवलावरचा ग्रंथ निघाला. शिक्षणाने माणसाची उत्पादकता वाढते आणि म्हणून मिळकत वाढते, असा त्याचा गाभा. भंडाऱ्यातल्या त्या पिढीला हे अगदी पटले असते. पण मिळकत वाढली होती ती प्रामुख्याने नव्या जागांमुळे. १९७३ मध्ये अर्थतज्ज्ञ मायकेल स्पेन्स यांनी मांडलेला विचार इथे अधिक लागू पडतो: मालकाला उमेदवाराची लायकी थेट दिसत नाही, म्हणून तो पदवीकडे खूण म्हणून पाहतो. खूण सगळ्यांच्याच हाती आली की निवडीला तिचा उपयोग राहत नाही.

पुढे नेमके तेच घडले. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी करून दिली. पदव्या वाढल्या, जागा त्या वेगाने वाढल्या नाहीत. डी.एड.चे उदाहरण तर आरशासारखे स्वच्छ आहे. मास्तरकी म्हणजे हमखास नोकरी, या हिशेबाने राज्यभर डी.एड. महाविद्यालये निघाली. २००० साली शिक्षण सेवक योजना आली आणि सुरुवातीची वर्षे मानधनावर काढावी लागू लागली. २०१२ मध्ये भरती थांबली, पाठोपाठ पात्रता परीक्षा आली आणि डी.एड.चे वर्ग ओस पडू लागले. अभ्यासक्रमातले ज्ञान या काळात निरुपयोगी झाले नव्हते. आटली ती भरती. उलट खाणीत पाहा. मेट, ब्लास्टर, फोरमन, मॅनेजर यांच्याकडे सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेच पाहिजे, अशी खाण कायद्याखालच्या नियमांची अट आहे. म्हणून यातला छोटा दाखलाही कित्येक मोठ्या पदव्यांपेक्षा अधिक कामाचा ठरतो.

यावर काही आक्षेप येतील. पहिला असा की जुनी कौशल्ये पदवीने नाही, बाजाराने मारली. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांबाबत हे खरे आहे. स्टील आणि ॲल्युमिनियमपुढे तांबट-कासारांचा धंदा टिकला नसताच. पण तलावांना पुरता पर्याय आला नव्हता, कित्येक गावांना पाणी आजही त्यांतूनच घ्यावे लागते. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने धीवर मच्छीमारांच्या माहितीच्या आधारे तलावांतल्या पाणवनस्पती आणि स्थानिक मासे परत आणण्याचे काम केले, ते धीवरांचे ज्ञान जिवंत असल्यामुळेच. दुसरा आक्षेप सरासरीचा. देशभरच्या श्रमबल पाहण्यांत पदवीधरांची सरासरी कमाई जास्तच दिसते. मात्र त्याच पाहण्यांत बेरोजगारीचे प्रमाणही सुशिक्षितांमध्येच सर्वाधिक असते. शिवाय ही जास्तीची कमाई बहुधा नागपूर-पुण्यात होते. पदवीचा खर्च मात्र भंडाऱ्यातले शेत सोसते. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. ज्यांचा परंपरागत धंदा हीच अवहेलना होती, त्यांच्यासाठी पदवीचा हिशेब पगारात मांडता येत नाही. १९५४ साली भंडाऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक लढवणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर याचे सर्वांत मोठे साक्षीदार. ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४४ मध्ये, अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली आणि अनेक घरांची वाट बदलली. हा आक्षेप मान्यच करायला हवा. पण त्या पदव्यांनाही बळ आले ते शिष्यवृत्तीच्या पुढच्या टोकाला राखीव जागा होत्या म्हणून. आज त्या जागा रिकाम्या ठेवल्या जातात किंवा कंत्राटी होतात, तेव्हा सर्वांत आधी फसवणूक होते ती याच घरांची.

तेव्हा पदवी फायद्याची की तोट्याची, असा सरसकट निवाडा देण्यात अर्थ नाही. मुलीच्या किंवा मुलाच्या प्रवेशासाठी धानाची बांधी विकायला काढण्याआधी पालकांनी एवढे जरूर विचारावे: या पदवीवर गेल्या पाच वर्षांत किती जागा भरल्या गेल्या, कुणी भरल्या आणि कायम स्वरूपाच्या किती होत्या? हा प्रश्न महाविद्यालयांना विचारावा आणि त्याहून कडक शब्दांत सरकारला विचारावा. जागा निर्माण न करता पदव्या वाटणे म्हणजे शिक्षणाचा प्रसार नव्हे. तो बेकारीचा खर्च गरिबांच्या माथी मारण्याचा सोयीस्कर मार्ग आहे.